रणगाड्यातून थेट कॉलेजात!

चला, आधी एक कोडं घालते.

एक माणूस रणगाडे घेऊन लढाईला गेला. एकाने एका अख्ख्या संस्थानाचा कारभार चालवला. एक देशाचा लष्करप्रमुख झाला. एक सूटबूट घालून सातासमुद्रापार आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून राहिला. आणि एक कॉलेजात शिकवायला गेला.

सांगा बरं, ही माणसं किती?

पाच? चूक! एकच माणूस! होय, होय, एकच!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. तुम्ही नांदेडला किंवा लातूरला राहत असाल, तर तुमच्या पणजोबांच्या गावाचा कारभारही एके काळी याच माणसाच्या हाताखाली चालत होता. आहे की नाही आपल्या घरचीच गोष्ट?

त्यांचं नाव जनरल जयंतनाथ चौधरी. आडनाव ऐकून वाटलं ना, जळगावकडचे असतील म्हणून? मलाही लहानपणी तसंच वाटायचं! पण हे चौधरी बंगाली. जन्म १० जून १९०८ चा. त्यांच्या आईचे वडील कोण, माहितेय? व्योमेशचंद्र बॅनर्जी! १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलंवहिलं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष. असे आजोबा असलेला मुलगा बॅरिस्टर होईल असं कुणालाही वाटेल. पण हा पठ्ठ्या गेला सैन्यात!

इंग्लंडमध्ये सँडहर्स्ट नावाचं एक मोठं लष्करी कॉलेज आहे. चौधरी तिथे शिकले. तिथे त्यांनी मिशी राखली, आणि मग काय! मित्रांनी टोपणनाव ठेवलं, ‘मुच्छू’. तुमच्या वर्गात ठेवतात ना तस्संच. हे नाव इतकं घट्ट चिकटलं की पुढे साहेब लष्करप्रमुख झाले तरी जुन्या दोस्तांसाठी ते मुच्छूच राहिले!

१९२८ साली ते अधिकारी झाले. मग दुसरं महायुद्ध आलं. सुदान, इरिट्रिया, उत्तर आफ्रिकेचं वाळवंट, मग ब्रह्मदेशाचं जंगल... नकाशा घ्या आणि बोट फिरवून बघा, केवढी भटकंती! आणि या सगळ्या धामधुमीत १९४३ साली ते क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात चक्क शिकवत होते. सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे मास्तर! हे लक्षात ठेवा हं. पुढे उपयोगी पडणार आहे.

आता येऊ या आपल्या मराठवाड्यात.

मला सांगा, भारत स्वतंत्र कधी झाला? १५ ऑगस्ट १९४७. बरोब्बर! मग नांदेड स्वतंत्र कधी झालं? लातूर कधी?

१५ ऑगस्टलाच?

मुळीच नाही! आपल्याला आणखी तेरा महिने वाट बघावी लागली!

असं कसं झालं? तर आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाचा राजा म्हणजे निजाम, मीर उस्मान अली खान. तो जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक समजला जायचा. आणि त्याचं संस्थान तरी केवढं! आजच्या महाराष्ट्राचे तीन भाग करा आणि त्यातले दोन उचला, साधारण तेवढं. त्यात तेलुगू बोलणारे जिल्हे होते, कन्नड बोलणारे होते, आणि आपले मराठी बोलणारे पाच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद.

संस्थानाची रेल्वे वेगळी. पोस्टाची तिकिटं वेगळी. अहो, पैसेसुद्धा वेगळे! आपल्याकडे हाली सिक्का चालायचा. त्याच्यावर चारमिनारचं चित्र. बाहेरच्या इंग्रजी रुपयाला म्हणायचे कलदार. म्हणजे नांदेडहून निघून हद्दीबाहेर गेलात, तर खिशातल्या हाली पैशांची सरळ अदलाबदल करावी लागायची!

निजामाला भारतात यायचं नव्हतं. त्याला वेगळं राहायचं होतं. आता विचार करा, वर्गाच्या ऐन मधोमध एका मुलाने खडूने मोठ्ठा चौकोन आखला आणि म्हणाला, ‘हा माझा वेगळा वर्ग. माझी हजेरी वेगळी, माझी घंटा वेगळी.’ चालेल का? बाकीच्यांनी फळ्यापर्यंत जायचं कुठून? आणि त्या चौकोनात बसलेल्या पोरांना बाकीच्या वर्गातच यायचं असेल तर?

इथे तसंच होतं. चौकोनातल्या बहुतेकांना भारतात यायचं होतं! त्यांचे पुढारी होते स्वामी रामानंद तीर्थ. भगवी कफनी घालणारे संन्यासी. पण त्याआधी ते कोण होते, ओळखा? शाळेचे मुख्याध्यापक! आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. आणि निजामाच्या बाजूने लढणारी रझाकार नावाची संघटना होती. तिचा पुढारी कासिम रझवी. तो कुठला वकील होता, सांगू? लातूरचा! आपल्या लातुरात वकिली करायचा तो. रझाकारांनी गावोगाव फार जुलूम केले. घरात कुणी खूप म्हातारं माणूस असेल तर विचारा. त्या दिवसांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

शेवटी भारत सरकारने सैन्य पाठवायचं ठरवलं. दिवस उजाडला १३ सप्टेंबर १९४८. सैन्य अनेक बाजूंनी शिरलं, पण मुख्य फौज निघाली सोलापूरहून, पहाटे चार वाजता. आणि तिचे सेनापती? आपले मुच्छू! मेजर जनरल चौधरी, वय वर्षं चाळीस.

तुम्ही नळदुर्गला सहलीला गेला असाल. किल्ल्यात तो पाणीमहाल आहे ना, जिथे पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात? ते पाणी बोरी नदीचं. याच बोरी नदीवरच्या पुलावर पहिल्या दिवसाचा सगळा डाव अवलंबून होता. पूल उडाला असता तर रणगाडे अलीकडेच अडकले असते. रणगाड्याला काही पोहता येत नाही! पण सैन्य इतक्या झटपट पोचलं की पूल जसाच्या तसा हाती आला. मग उमरगा, मग पुढे हुमनाबाद... फौज दौडतच निघाली.

या मोहिमेचं गुपित नाव काय होतं माहितेय? ‘ऑपरेशन पोलो’! घोड्यावर बसून खेळतात तो पोलो. म्हणतात, हैदराबादेत पोलोची मैदानं भरपूर होती, म्हणून हे नाव. पण आपल्या मराठवाड्यात कुणी पोलोबिलो म्हणत नाही. आपल्याकडे एकच शब्द, ‘पोलीस अॅक्शन’. रणगाडे आणि विमानं घेऊन आलेले पोलीस! मला तर या नावाची अजून गंमत वाटते.

किती दिवस चाललं हे? महिना? दोन महिने? छे! पाच दिवसही पुरते लागले नाहीत! १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामाने रेडिओवरून लढाई थांबवल्याचं जाहीर केलं. निजामाने तुरुंगात टाकलेले स्वामीजी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. त्या प्रसंगाच्या फोटोत दोन्ही सेनापती समोरासमोर उभे दिसतात. तुम्ही १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनाला जाता ना? मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन! तो हाच दिवस.

लढाई संपली. मग गोष्टही संपली?

अहो, खरी अवघड गोष्ट तर आता सुरू झाली!

दिल्लीने चौधरींना सांगितलं, आता हे संस्थान तुम्हीच सांभाळा. हुद्दा मिळाला ‘लष्करी गव्हर्नर’. म्हणजे काल रणगाड्यावर बसलेला माणूस आज टेबलापाशी बसला, आणि समोर फायलींचा हा एवढा ढीग!

जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही कबड्डीचे कॅप्टन आहात. सामना जिंकलात. सगळे टाळ्या वाजवतायत. तेवढ्यात हेडसर येतात आणि म्हणतात, ‘शाब्बास! आता उद्यापासून शाळा तू चालव.’ फळा, खडू, फी, वेळापत्रक, पाण्याची टाकी, खिचडीचा तांदूळ, गळणारं छप्पर, भांडणारी पोरं, रुसलेले सर... सगळं तुमच्याच डोक्यावर! कबड्डीत दम धरला की भागतं. इथे? इथे ‘हुप्प’ म्हणून कुणी बाद होत नाही!

आणि चौधरींची ही शाळा होती सुमारे पावणेदोन कोटी माणसांची!

बाजारात धान्य येतंय का, बघा. कोर्टकचेऱ्या उघडा. पगार द्या. उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, कुणाला काय कळतं ते ध्यानात ठेवा. ते एकटे कसे पुरे पडणार? मग मुंबईकडून मुलकी कारभारातले मुरलेले अधिकारी बोलावले. त्यांत दत्तात्रय बखले नावाचे मराठी साहेब होते. मुलकी कारभाराचे ते मुख्य झाले. लढाई करणारा माणूस आणि कारभार जाणणारा माणूस, दोघे मिळून कामाला लागले. मला चौधरींची हीच गोष्ट फार आवडते. जे आपल्याला येत नाही, ते येणारा माणूस त्यांनी शेजारी बसवला.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. दोस्तांशी खोटं का बोलायचं? पोलीस अॅक्शननंतरच्या दिवसांत मराठवाड्यात फार वाईट प्रकार घडले. रझाकारांचा राग साध्यासुध्या मुसलमान घरांवर काढला गेला. ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, तीही माणसं मारली गेली. उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांत तर खूपच. पंडित सुंदरलाल यांची समिती गावोगाव फिरून हे सगळं बघून गेली. म्हणजे ज्या दिवसांत आपल्या एका शेजाऱ्याच्या घरी पेढे वाटले, त्याच दिवसांत दुसऱ्या शेजाऱ्याच्या घरी रडारड होती. नव्या सरकारला हेही निस्तरायचं होतं, आणि ते सगळं निस्तरता आलं असं काही मला म्हणता येणार नाही.

आता एक मोठ्ठं काम ऐका. त्या काळी गावंच्या गावं जहागीरदारांच्या ताब्यात असायची. गाव त्यांचं, सारा त्यांचा. खुद्द निजामाच्याही खाजगी जमिनी होत्या, त्यांना ‘सर्फे-खास’ म्हणायचे. त्या जमिनींचं उत्पन्न थेट राजाच्या खिशात! चौधरींच्या कारकिर्दीत सर्फे-खास सरकारात जमा झालं. आणि १५ ऑगस्ट १९४९ या दिवशी जहागिरी रद्द करणारा कायदा आला. तारीख बघितलीत ना? मुद्दाम निवडल्यासारखी! शेकडो वर्षांची जहागीरदारी, आणि ती गेली एका कायद्याने. एकही गोळी न झाडता!

थांबा, थांबा. मला सगळ्यात नवल वाटतं ते याच्याही पुढचं आहे.

एखाद्याच्या हातात एवढं मोठं राज्य आलं, हाताशी सैन्य आहे, वर राजा आहे तो नावापुरताच. तो काय करेल? जगात कितीतरी देशांत सेनापतींनी अशी खुर्ची एकदा पकडली ती सोडलीच नाही! पाटावर बसलेला पाहुणा उठतच नाही म्हणतात ना, तसं. चौधरी मात्र सव्वा वर्षाच्या आसपास काम करून उठले. खुर्ची मुलकी अधिकाऱ्यांकडे गेली. वेल्लोडी नावाचे साहेब मुख्यमंत्री झाले. १९५२ मध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी आपलं सरकार स्वतः निवडलं. आणि चौधरी? आपली टोपी घालून पुन्हा सैन्यात! पूर्वीसारखे.

मध्येच एक गंमत सांगते. तिकडे चौधरी गेले आणि इकडे १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. त्यामागे कोण? आपले संन्यासी हेडमास्तर, स्वामी रामानंद तीर्थ! त्याआधी नांदेडच्या पोरांना कॉलेजात शिकायचं तर गाव सोडावं लागायचं. लातूरला दयानंद कॉलेज निघालं १९६१ मध्ये. आणि नांदेडच्या विद्यापीठाला तर स्वामीजींचंच नाव आहे. त्याची स्थापना झाली १९९४ मध्ये. तारीख? १७ सप्टेंबर! विद्यापीठाचाही वाढदिवस त्याच दिवशी!

चौधरींची पुढची वर्षं मी पटकन उरकते, कारण ती तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटतीलच. ते आपल्या पुण्याला आले, सैन्याच्या दक्षिण विभागाचे प्रमुख म्हणून. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तो त्यांच्याच देखरेखीखाली. १९६२ च्या नोव्हेंबरात ते लष्करप्रमुख झाले. १९६५ ची लढाई झाली. १९६६ च्या जूनमध्ये निवृत्त झाले. झालं!

आता निवृत्त झालेला माणूस काय करतो? सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, नातवंडांना ओरडतो. बरोबर?

पण चौधरींना सरकारने सांगितलं, कॅनडाला जा, आपले उच्चायुक्त म्हणून!

उच्चायुक्त म्हणजे काय? सोपं आहे. आपल्या देशाने दुसऱ्या देशात ठेवलेला आपला माणूस. इतर देशांत त्याला राजदूत म्हणतात. मुख्यतः ब्रिटन आणि त्याच्या जुन्या वसाहतींचा जो राष्ट्रकुल गट आहे, त्यातल्या देशांत एकमेकांकडे पाठवलेल्याला उच्चायुक्त म्हणतात. काम तेच. आपल्या देशाचं म्हणणं तिकडे गोड शब्दांत पोचवायचं, तिकडचं म्हणणं इकडे नेमकं कळवायचं. आणि राग आला तरी चहाचा कप खाली आपटायचा नाही!

कॅनडा केवढा आहे ठाऊक आहे? भारताच्या तिप्पट! आणि माणसं? त्या वेळी जेमतेम दोन कोटी. थांबा, हा आकडा ओळखीचा वाटतो का? हैदराबाद संस्थानात पावणेदोन कोटी होती! म्हणजे ज्या देशात ते पाहुणे म्हणून गेले, त्या अख्ख्या देशात जेवढी माणसं, जवळजवळ तेवढ्यांचा कारभार त्यांनी एकेकाळी स्वतः पाहिला होता!

आणि थंडी? अगंबाई! नांदेडचा उन्हाळा आठवा. आता त्याच्या अगदी उलटं काहीतरी मनात आणा. ओटावा ही कॅनडाची राजधानी. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्याही खाली वीस अंशांपर्यंत उतरतो. आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात असते ना, तेवढी थंडी! आणि माणसं त्यात चालत ऑफिसला जातात.

त्या काळात भारत आणि कॅनडाची दोस्ती चांगली होती. मुंबईत ट्रॉम्बेला ‘सायरस’ नावाची अणुभट्टी १९६० साली कॅनडाच्या मदतीनेच सुरू झाली होती. कॅनडाकडून आपल्याला गहूही मिळायचा. कॅनडाचे पंतप्रधान होते लेस्टर पिअर्सन. त्यांना १९५७ साली शांततेचं नोबेल मिळालेलं! बघा हं, एकीकडे लढाया लढलेले जनरल आणि दुसरीकडे शांततेचं नोबेल मिळवलेले पंतप्रधान! १९६७ मध्ये माँट्रियल शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. किती तरी देशांनी तिथे आपापले मंडप उभारले होते. त्यात एक आपल्या भारताचाही!

१९६९ साली ती नोकरीही संपली. आता तरी घरी जातील?

नाही! ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक झाले! क्वेट्ट्याचे मास्तर आठवले ना? म्हटलं होतं ना, उपयोगी पडेल म्हणून! सव्वीस वर्षांनी पुन्हा वर्ग, पुन्हा विद्यार्थी. फक्त या वेळी समोर गणवेशातले अधिकारी नव्हते, स्वेटर घातलेली कॉलेजची पोरं होती.

पण लढाई करणाऱ्याला शिकवता कसं येतं, असं तुम्ही विचाराल. मी सांगते. चांगला सेनापती सारखा शिकवतच असतो! नकाशा पसरतो, समोरच्या वीस जणांना एकच गोष्ट अशी समजावतो की विसाव्यालाही तीच कळली पाहिजे. एकाने जरी चुकीचं ऐकलं, तर उद्या पुलावर घोटाळा. वर्गात एकाने चुकीचं ऐकलं तर फार तर एक मार्क जातो! शिवाय चौधरींना लिहायचाही नाद होता. ‘द स्टेट्समन’ नावाच्या इंग्रजी वर्तमानपत्रात ते लष्करी विषयांवर लिहायचे. म्हणजे लेखणी त्यांच्या हातात आधीपासूनच होती.

आणि असे काही ते एकटेच नाहीत हं! अमेरिकेचे जनरल आयझेनहॉवर आठवतात? दुसऱ्या महायुद्धातले मोठे सेनापती. ते कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. कधी? १९४८ साली! ज्या वर्षी आपले चौधरी फायलींच्या ढिगात बुडाले होते, त्याच वर्षी! आपल्या देशात लेफ्टनंट जनरल झमीरउद्दीन शाह अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. नसीरुद्दीन शाह हे नट माहीत आहेत ना? त्यांचे भाऊ! आणि आपले कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात? कोरियातली लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना सांभाळायला भारताने जी तुकडी पाठवली, तिचे ते प्रमुख होते. पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. तुमचे दादा-ताई ज्या एमपीएससीसाठी रात्र रात्र जागतात, तीच ती!

चौधरी ६ एप्रिल १९८३ रोजी गेले. आणि आता शेवटची गंमत, खास लातूरकरांसाठी. ते आपला कारभार बघत होते ना, तेव्हा लातूर जिल्हा नव्हताच! लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. तेव्हा जनरलसाहेब ७४ वर्षांचे होते. सांगा बरं, त्यांना ही बातमी कुणी कळवली असेल का?